लेकराला पडू द्या, आणि त्याचं त्यालाच निस्तरू द्या

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. थोरलीला (तेव्हा सहावीत होती) पहिल्यांदा एकटीला गिरणीत पाठवलं, पाच किलो ज्वारी घेऊन. निघताना सांगितलं होतं की ज्वारीवरच ज्वारी टाकायला सांग आणि बारीक दळायला सांग. ही गेली, डबा ठेवला, तिथं वर्गातली मैत्रीण भेटली, दोघी गप्पा मारत बसल्या आणि सांगायचं राहूनच गेलं. डाळीच्या मागं आमची ज्वारी पडली आणि ती पण भरडी. संध्याकाळी भाकरी थापायला बसले तर कडा फाटायला लागल्या, परातीतून उचलली की मधोमध तुटायली, आणि पिठाला बेसनाचा वास.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिचे पप्पा म्हणले, ठेव बाजूला, मी उद्या दुसरं दळून आणतो. माझ्या पण तोंडात आलं होतं की एवढं साधं काम सांगितलं तर... पण मी गप्प बसले. (सहज जमलं नाही, दात दाबून बसले.) म्हणलं, बाळा पीठ तर पाच किलो आहे, टाकून द्यायचं नाही, आता याचं काय करायचं ते तू सांग. ती आजीकडं गेली. आजीनं पीठ चिमटीत घेऊन बघितलं आणि म्हणल्या, चाळून भरडा वेगळा काढ, आणि यात डाळ उतरलीच आहे तर धपाटे लाव की. मग चाळलं तिनंच, मिरची-लसूण-जिरं वाटलं तिनंच, पहिले दोन धपाटे तव्याला चिकटले, तिसरा नीट निघाला. ते पीठ संपेपर्यंत आम्ही धपाटे खाल्ले, आणि राहिलेल्याच्या भाकरी गरम पाण्यात उकड काढून केल्या म्हणजे फाटत नाहीत.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. लेकराला नुसतं पडू दिल्यानं काही होत नाही, नुसतं पडून लेकरू फक्त घाबरतं. पडल्यावर त्यानं ते स्वतः निस्तरलं तर त्याला कळतं की अरे, बिघडलं तरी मला नीट करता येतंय. कॉन्फिडन्स म्हणतात तो तिथून येतो, ‘तू लई हुशार आहेस’ असं शंभरदा ऐकवून येत नाही. आणि दुसरं म्हणजे अपयश लहानपणी स्वस्त असतं. सहावीतल्या पोरीची चूक पाच किलो पिठात भागते. तीच पोर काहीच न चुकता, सगळं आयतं मिळत अठरा वर्षांची झाली तर पहिली हार थेट नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) रिझल्टला बघते, तेव्हा तिला कुठं माहीत असतंय की हरल्यावर पुढं काय करायचं असतं.

आम्ही लातूरला राहतो. कोचिंगचं गाव आहे, दरवर्षी कुठून कुठून पोरं येऊन रूम करून राहतात, त्यांना जवळून बघते. सतरा वर्षांचा पोरगा, फिजिक्सचे अवघडातले अवघड प्रश्न सोडवतो, आणि खानावळीचा डबा नाही आला तर दुपारभर उपाशी बसून आईला फोन करतो आणि आई चारशे किलोमीटरवरून खानावळवाल्याला फोन करते. दोष पोराचा नाही, त्याला कधी करूच दिलं नाही कुणी.

तर आमच्या घरात जे केलं, जे चुकलं, ते क्रमानं लिहितेय. माझी थोरली आता सातवीत आणि धाकटा सहावीत आहे, त्यामुळं साधारण सहा ते तेरा-चौदा वयाच्या लेकरांसाठी हे जास्त कामाचं आहे.

पहिलं काम: आठ दिवस नुसतं लिहून काढा

एक वही घ्या आणि आठ दिवस तुम्ही लेकरासाठी काय काय करता ते लिहा. बदल काही करू नका, फक्त लिहा. माझ्या यादीत जे निघालं ते बघून मलाच धक्का बसला. दप्तर मी भरायची, पाण्याची बाटली मी, वेळापत्रक बघून वह्या मी काढायची, बुटाची लेस मी (धाकटा तेव्हा चौथीत!), शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा होमवर्क मी उतरवून ठेवायची, प्रोजेक्टचं थर्माकोल मी कापायची, मित्राशी भांडण झालं तर त्याच्या मम्मीला मेसेज पण मीच. आमच्या वेळी गृहपाठ काय दिलाय हे माझ्या आईला माहीतसुद्धा नसायचं, आणि विसरलं तर छडी मलाच. छडी नको, ते दिवस नकोतच, पण होमवर्क कुणाचा आहे हे तरी तेव्हा स्पष्ट होतं.

मग यादीचे तीन भाग करा. लेकराला आत्ता येतंय तरी मी करते, ही पहिली कामं. थोडं शिकवलं तर येईल, ही दुसरी. आणि खरंच अजून येणार नाही, ही तिसरी. पहिल्या भागातली कामं या आठवड्यातच सोडून द्यायची, पण गुपचूप नाही. लेकराला समोर बसवून सांगायचं की सोमवारपासून दप्तर तुझं, मी आठवण करणार नाही. न सांगता अचानक हात काढून घेतला तर त्याला वाटतं आई रुसली.

कुठं पडू द्यायचं आणि कुठं अजिबात नाही

हे नीट वाचा, कारण ‘पडू द्या’ ऐकून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात.

मी एकच प्रश्न विचारते, यात चूक झाली तर आठ दिवसात निस्तरता येईल का? डबा विसरला, भूक लागेल, निस्तरेल. पन्नास रुपये हरवले, निस्तरेल. स्पर्धेत शेवटचा आला, रडेल, निस्तरेल. पण शेततळ्यात पाय घसरला तर निस्तरायला कुणी उरत नाही. आपल्याकडं गावोगाव शेततळी झालीत, त्यांना आतून प्लॅस्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की चांगल्या पोहणाऱ्या माणसाला पण वर चढता येत नाही. त्याच्या कडेला कुंपण आणि आत सोडलेला दोर पाहिजेच, आणि लेकराला तिथं एकटं जाऊच द्यायचं नाही. विहिरीत पोहायला शिकवायचं तर शिकवा, आपण सगळे पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर डबा बांधून तसंच शिकलो, पण सोबत पोहणारा मोठा माणूस पाण्यात उतरलेला पाहिजे, काठावर बसलेला नाही.

तसंच पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, ओल्या हातानं तर नाहीच. फवारणीचं औषध, त्याचा रिकामा डबासुद्धा. लायसन नसताना गाडी. फोनवरून पैसे पाठवणं आणि पैसे लावायचे गेम. इथं ‘शिकेल आपोआप’ चालत नाही, इथं सरळ नाही म्हणायचं.

आणि एक मधला प्रकार असतो, जिथं लेकराच्या चुकीची शिक्षा दुसऱ्यालाच बसते. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं असं हे शहर. नळ आला की टाकी भरायची हे काम मी धाकट्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवलं नाही, कारण तो विसरला तर आठवडाभर आजीसकट सगळ्यांनी भोगायचं आणि त्याच्यावर सगळ्या घराचा राग. एवढं ओझं दहा वर्षांच्या पोरावर टाकायचं नसतं. त्याच्याकडं फक्त झाडाच्या बादल्या दिल्या. विसरला तर त्याचं मोगऱ्याचं झाड सुकतं, दुसऱ्याचं काही बिघडत नाही.

काम हातात कसं द्यायचं

एकदम ‘जा आता तुझं तू कर’ म्हणणं म्हणजे लेकराला ढकलून देणं झालं. चार फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत मी करते, तू बघ. दुसरीत दोघं मिळून. तिसरीत तू कर, मी बाजूला उभी. चौथीत तू कर, मी तिथं नाही. गिरणीच्या वेळी माझी चूक ही झाली की मी दुसऱ्या फेरीवरून थेट चौथीवर उडी मारली.

एसटीचं उदाहरण सांगते. थोरलीची मावशी औश्याला असते, लातूरपासून वीसेक किलोमीटर. पोरीला एकटीनं जायचं होतं. पहिल्या वेळी मी सोबत गेले आणि मोठ्यानं बोलत गेले, बघ हा फलाट, ही पाटी, कंडक्टरला ‘औसा एक’ म्हणायचं, सुट्टे घ्यायला विसरायचं नाही. दुसऱ्या वेळी ती पुढं, मी मागं, तिकीट तिनं काढलं. तिसऱ्या वेळी मी बसमध्ये होते पण चार सीट मागं, अनोळखी असल्यासारखी. तेव्हा ती सुट्टे घ्यायला विसरली. मला मागून ओरडावं वाटलं, ओरडले नाही. उतरताना कंडक्टरसमोर जाऊन उभी राहिली आणि बारीक आवाजात म्हणली, काका माझे तीस रुपये. दिले त्यांनी. मला विचाराल तर तिच्या सगळ्या सर्टिफिकेटांपेक्षा तो ‘काका माझे तीस रुपये’ मला मोठा वाटतो. चौथ्या वेळी एकटी गेली, दिवसाउजेडी, मावशी स्टँडवर घ्यायला आलेली, आणि आमच्या दोघांचे नंबर तिला तोंडपाठ, नुसते फोनमध्ये सेव्ह नाही.

वयाचा ढोबळ अंदाज द्यायचा तर: पहिली-दुसरीत स्वतःचं दप्तर, ताट उचलणं, कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वस्तू. तिसरी-चौथीत अंघोळीची बादली काढणं (गरम पाण्याला हात नाही), कपड्यांच्या घड्या, रविवारच्या बाजारात तुमच्या सोबत राहून एक भाजी स्वतः भाव करून घेणं. पाचवी-सहावीत शंभर-दीडशे रुपयांचा हिशोब, गिरणी, गॅसवर चहा-खिचडी तुमच्या समोर. सातवी-आठवीत जवळचा प्रवास, बँकेत सोबत जाऊन स्लिप भरणं, आजीच्या गोळ्या वेळेवर आणून देणं. तुमचं लेकरू याच्या मागं-पुढं असू शकतं, शेजारच्याचं बघून ठरवू नका.

आणि पोरगा-पोरगी फरक करू नका बाई. आपल्याकडं पोरीला भाकरी करायला चुकू देतात पण रस्त्यावर चुकू देत नाहीत, आणि पोराला रस्त्यावर मोकळं सोडतात पण भाकरी फाटली तर ‘जाऊ दे तुला काय करायचंय’. दोघं पण अर्धवट राहतात मग.

हात मागं घ्यायची वेळ

सगळ्यात अवघड हेच आहे. समोर दिसतंय की लेकरू चुकायलंय, तुम्हाला दोन मिनिटात नीट करता येतंय, शाळेची गाडी खाली हॉर्न देतेय, आणि तुम्ही काही करायचं नाही.

मी काय करते ते सांगते. एक, हाताला काम देते, लसूण सोलते नाहीतर तांदूळ निवडते, मोकळा हात आपोआप पुढं जातो. दोन, लेकरानं मदत मागितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि मागितली तर पूर्ण उत्तर द्यायचं नाही, एकच धागा द्यायचा, ‘मागच्या वेळी कुठून सुरू केलं होतंस?’ एवढंच. तीन, घरातून सकाळी निघायच्या वेळेआधी पंधरा मिनिटं जास्तीची ठेवायची, कारण आपण मधे पडतो ते बहुतेक वेळा घाईमुळं पडतो, मायेमुळं नाही. हे मला लई उशिरा कळलं.

विसरलेली वही शाळेत नेऊन द्यायची का? पहिल्या वर्षात महिन्यातून एकदा द्यायची असं आम्ही ठरवलं. एकदा ‘आणीबाणीची सुट्टी’, ती कधी वापरायची ते लेकरानंच ठरवायचं. धाकट्यानं पहिल्या महिन्यात दोन तारखेलाच वापरली, मग अठरा तारखेला चित्रकलेची वही राहिली तर फोन आलाच नाही. बाईंनी उभं केलं थोडा वेळ. घरी येऊन सांगितलं त्यानं, मी म्हणलं, बरं, मग? तर म्हणला, रात्रीच भरून ठेवतो. ठेवतो का रोज? नाही. पण आठातले सहा दिवस ठेवतो.

आता घरातली मोठी माणसं. आजी-आजोबांना हे बघवत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांनी हालाखीत दिवस काढलेत, नातवाला तरी सुख मिळावं एवढंच. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्या सुरुवातीला म्हणायच्या, काय गं लेकराचा जीव घ्यायलीस. मी वाद घातला नाही. त्यांना विचारलं, आत्या तुम्ही कितव्या वर्षी भाकरी करायला शिकलात, पहिली भाकरी कशी झाली होती? मग त्या सांगत बसल्या की नवव्या वर्षी, भारताच्या नकाशासारखी झाली होती आणि भाऊ हसले होते. म्हणलं तेवढंच द्यायचंय ह्याला. त्यानंतर निस्तरायच्या कामात लेकरांची खरी गुरू आजीच झाली, धपाट्याचं तर सांगितलंच. मोठ्यांना गप्प बसवू नका, त्यांना हे काम द्या.

पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

या दहा मिनिटांत तुम्ही जे बोलता ते लेकरू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

‘मी सांगितलं होतं ना’, हे नाही म्हणायचं, कधीच नाही. खरं असलं तरी नाही. ‘जाऊ दे, बाईच पार्शल आहेत’, हे पण नाही, कारण मग पुढच्या प्रत्येक वेळी चूक दुसऱ्याचीच असणार. ‘त्यात रडायचं काय एवढं’, नाही. ‘त्या अमक्याचा मुलगा बघ’, हे तर लेकराच्या जखमेवर मीठच. आणि लगेच पिझ्झा-आइस्क्रीम आणून मन वळवू नका. दुःख झालंय तर थोडं होऊ द्या की, त्याला ते झेपतं हे त्याला तरी कधी कळणार?

मग करायचं काय? पाणी द्या, जवळ बसा, पाठीवर हात. ‘वाईट वाटलं ना’ एवढंच. रडून होऊ द्या. जेवण होऊ द्या. बोलणं रात्री, अंथरुणात, अंधारात लेकरं मोकळी बोलतात. तेव्हा मी तीन गोष्टी विचारते: काय झालं, त्यातलं तुझ्या हातात काय होतं, आणि आता कसं निस्तरायचं. दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. ‘पाऊस आला म्हणून मॅच गेली’ हे हातात नव्हतं, ‘मी प्रॅक्टिसला गेलो नाही’ हे होतं. आपल्या शेतकऱ्याला हा फरक बरोबर कळतो. मृगाला पेरलं आणि पावसानं ओढ दिली तर दोष पेरणाऱ्याचा नसतो, पण पुरेशी ओल नसताना घाईनं पेरलं तर तो असतो. दोन्ही वेळी दुबार पेरावं लागतं, पण पुढच्या वर्षी काय बदलायचं ते वेगळं असतं.

कौतुकाचं पण बघा. १९९८ ला अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले होते. मुलांना कोडी सोडवायला दिली, काहींना म्हणलं ‘तू हुशार आहेस’, काहींना म्हणलं ‘तू मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच चुकली. त्यानंतर परत सोपी दिली, तर ‘हुशार’ म्हणलेल्या मुलांचे मार्क पहिल्यापेक्षा कमी झाले, आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांचे वाढले. वरून ‘हुशार’ वाल्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्या मुलांना सांगताना आपले मार्क वाढवून सांगितले. मला हे वाचून धाकटा आठवला, त्याला सगळे पाहुणे हुशारच म्हणायचे आणि तो गणिताचा पेपर लपवायचा. हुशारीचं लेबल लावलं की लेकराला ते सांभाळत बसावं लागतं. म्हणून आता आम्ही नेमकं बोलतो: ‘तिसऱ्यांदा खोडून परत केलंस, ते मला आवडलं.’ नुसतं ‘व्वा छान’ नाही.

निस्तरायला लावणं आणि शिक्षा, यात फरक आहे

धाकट्यानं क्रिकेट खेळताना समोरच्या काकूंच्या खिडकीची काच फोडली. शिक्षा म्हणजे दोन धपके आणि बॅट कपाटात. त्यानं काच बसत नाही. आम्ही असं केलं: तो स्वतः गेला, काकूंना सांगितलं मी फोडली. (मी गेटपाशी उभी होते, त्याला दिसत होते.) काच मोठ्या माणसानं हातमोजे घालून उचलली, अंगण त्यानं झाडलं. काचवाल्याला माप त्यानं सांगितलं. पैसे अर्धे त्याच्या गल्ल्यातले, अर्धे आम्ही घातले, कारण सगळे त्याच्या आवाक्यात नव्हते. महिनाभर बॉल प्लॅस्टिकचा, हे त्यानंच सुचवलं.

पैसे हरवले तर लगेच परत देऊ नका, रागावूही नका. यादीतलं काय कमी करायचं ते त्याला ठरवू द्या. मैत्रिणीला लागेल असं बोलली तर सॉरीचा मेसेज तुम्ही टाइप करू नका. प्रोजेक्ट रात्री नऊला आठवला तर पप्पांना दुकानं हिंडायला लावू नका, घरात जुनं पुठ्ठं असेल त्यावर जसा होईल तसा होऊ द्या, वाकडा तर वाकडा, पण त्याचा.

मोठी हार आली तर

धाकट्यानं नवोदयची (सरकारी निवासी शाळेची) परीक्षा दिली होती, पाचवीत असताना. दोन तासांत ऐंशी प्रश्न, एका शाळेत जास्तीत जास्त ऐंशी जागा, आणि सहावीच्या प्रवेशासाठी ती परीक्षा एकदाच देता येते. वर्षभर क्लास लावला होता. यादी लागली, नाव नव्हतं. मी फोनवर नातेवाइकांना सांगत सुटले, ‘पेपरच अवघड काढला होता हो यावर्षी’. दोन दिवसांनी तो म्हणला, मम्मी तुला लाज वाटायलीय का माझी? पोटात गोळा आला माझ्या. त्याची हार मी लपवत होते, आणि लपवायची गोष्ट लाजेचीच असते असं त्याला वाटणारच ना. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बहिणीला फोन लावला आणि सरळ सांगितलं, नाव लागलं नाही, अभ्यास चांगला केला होता त्यानं, आता पुढचं बघतोय. तेवढं ऐकून तो खेळायला गेला.

मग पुढचं बघितलं. नवोदयला रिकाम्या जागांसाठी नववीला परत परीक्षा असते, ते सांगितलं, जबरदस्ती नाही. बुद्धिमत्तेचे प्रश्न त्याला आवडले होते, ते चालू ठेवले, क्लास बंद केला. दहावीच्या बाबतीत पण आधीच माहिती ठेवा म्हणजे रिझल्टच्या दिवशी घरात आकाश कोसळत नाही: जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला जाता येतं. हे लेकराला रिझल्टच्या आधी सांगायचं. काही पालकांना भीती वाटते की सांगितलं तर अभ्यास सोडेल. मला तसं वाटत नाही, परतीचा रस्ता माहीत असलेला माणूस पुढं निवांत चालतो.

लेकरांना आपल्या मातीतल्या माणसाचं सांगा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, तिथला शेतकऱ्याचा पोरगा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटर, तो पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला. ३,००० मीटर स्टीपलचेज म्हणजे पळत पळत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. टोकियो ऑलिंपिकला त्यानं ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरी फायनलला पोचला नाही. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत परत हीटमध्येच बाहेर, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पॅरिसला २०२४ मध्ये फायनल गाठली, अकरावा आला. आपण लेकरांना फक्त सुवर्णाचं सांगतो. आमच्या धाकट्याला ऑगस्टचं आवडलं. तो विचारत होता, बुडापेस्टहून घरी आल्यावर त्यानं काय केलं असेल?

स्वतःचं पण सांगा. लेकरांच्या पप्पांनी एका वर्षी भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरात ठेवलं आणि भाव पडला, ते जेवताना आकड्यांसकट सांगितलं, किती गेले, मग उसनवारी कशी फेडली. कर्जाची काळजी लेकरांच्या डोक्यावर टाकायची नाही, पण संपलेली, निस्तरलेली गोष्ट जरूर सांगायची.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. हरल्यावर दोन-चार दिवस गप्प राहणं वेगळं. पण दोन आठवडे होऊन गेले तरी लेकरू नीट जेवत नाही, झोपत नाही, आवडीचा खेळ सोडलाय, तर तिथं निस्तरू द्या वगैरे काही नाही. आणि ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असलं काही एकदा जरी बोललं तर दोन आठवडे वाट बघू नका, त्याच दिवशी हालचाल करा. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरकडं न्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर आमच्या फ्रीजवर चिकटवलेत, लेकरांना वाचता येतील एवढ्या उंचीवर.

सुरुवात करायची तर येत्या बाजाराच्या दिवशी करा

दोनशे रुपये, चार भाज्यांची यादी, पिशवी. तुम्ही दहा पावलं मागं. कोथिंबिरीची जुडी पिवळी आणली तर आणली, रात्री तीच निवडायला बसवा. हिशोब जुळला नाही तर कागदावर मांडायला लावा. आठवड्याला एकच नवीन काम, दोन नाही, नाहीतर तुम्ही पण दमता आणि लेकरू पण.

आणि मधे पडालच तुम्ही, मी अजून पडते. परवाच थोरलीचा भूगोलाचा नकाशा मी रात्री गुपचूप रंगवून ठेवला, ती झोपल्यावर. सकाळी तिला सांगितलं की बाई मला राहवलं नाही, चुकलं माझं, आता याचं काय करायचं? तिनं नकाशा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला परत काढायला बसली आणि म्हणली, गाडी चुकली तर चालत जाते.